पहिलं वेब ॲप्लिकेशन: विषय घरचाच घ्या

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या अंबाजोगाई, केज, गेवराई, माजलगावकडच्या मुलामुलींचे प्रश्न साधारण सारखेच असतात. कोणती भाषा शिकू? कोणतं फ्रेमवर्क घेऊ? व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण कोरी फाइल उघडली की हात चालत नाही, असं का होतं? आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरत: तयार प्रोजेक्ट विकत घेतला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू. विकत घेऊ नका. तोंडी परीक्षेत तो कदाचित निभावेल, पण नोकरीच्या मुलाखतीत "हे टेबल असं का केलंत?" एवढं विचारलं तरी बोलता येणार नाही. हात का चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा विषयात असतं. 'लायब्ररी मॅनेजमेंट' आणि 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' या विषयांचे व्यवहार तुम्ही आतून पाहिलेले नसतात. त्यामुळे पुढचा निर्णय काय घ्यायचा हे सुचत नाही आणि तुम्ही पुन्हा व्हिडिओकडे वळता.

बीड जिल्ह्यात असा एक हिशोब आहे जो धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या घराघरांत माहीत आहे, आणि ज्यावरून दरवर्षी भांडणं होतात. तो म्हणजे ऊसतोडीचा. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, किती टन तोडले, खर्ची (हंगामात खर्चाला घेतलेले पैसे) किती झाली, अंगावर किती राहिले. हा हिशोब बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही तोडणाऱ्या जोडीला, म्हणजे कोयत्याला, क्वचितच बघायला मिळते. पहिलं ॲप्लिकेशन याच हिशोबाचं करा. लहान आहे, खरं आहे, आणि चुकलं तर सांगणारी माणसं घरातच आहेत.

आधी वही, मग कॉम्प्युटर

पहिला आठवडा कोड लिहू नका. ओळखीतल्या दोन-तीन जोड्यांशी आणि जमल्यास एका मुकादमाशी बोला. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उचलीचे व्यवहार त्याआधी पावसाळ्यात होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये माणसं गावात भेटतील. त्यांना हे विचारा:

- उचल एकरकमी मिळाली की तुकड्यांत? कागद झाला का?
- गाडी सेंटर आहे, टायरगाडी आहे की डोकी सेंटर?
- कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती कोणाकडे राहते?
- टोळीची एकच गाडी भरत असेल तर वजन कोयत्यांत कसं वाटतात?
- खाडा पडला तर काय कापतात?

गाडी सेंटर असेल तर हिशोब सोपा आहे. बैलगाडी जोडीची स्वतःची असते, तिची पावती वेगळी निघते आणि वजन थेट त्या कोयत्याच्या नावावर पडतं. डोकी सेंटरला, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळीत, पावती एक आणि वाटेकरी अनेक. समजा खेपेचं निव्वळ वजन १८.४५ टन आणि दर टनाला ३६६ रुपये धरला. मजुरी झाली ६,७५२ रुपये ७० पैसे. त्या दिवशी ९ कोयते हजर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५० रुपये ३० पैसे. हे गणित आधी कागदावर करा आणि तो कागद जपून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

या बोलण्यातून पाच टेबलं निघतात:

- हंगाम: वर्ष, कारखाना, टनाचा दर
- मजूर: नाव, गाव
- कोयता: कोणत्या हंगामातला, टोळीतला क्रमांक, दोन मजूर
- खेप: तारीख, पावती क्रमांक, निव्वळ वजन, त्या वेळचा दर, हजर कोयते
- पैसे: कोयता, तारीख, रक्कम, प्रकार (उचल, खर्ची, कपात, दुरुस्ती), कारण

इथे दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. कोयता म्हणजे जोडी, म्हणून टेबलात दोन्ही माणसांची नावं सक्तीची ठेवा. वहीत सहसा नवऱ्याचंच नाव असतं आणि निम्मं काम करणारी बाई हिशोबात दिसतच नाही. ही चूक तुमच्या डेटाबेसने पुढे चालवू नये. दुसरं, नाव ही ओळख धरू नका. एका गावात एकाच नावाची तीन माणसं निघतात, आडनाव कोणी 'मुंडे' लिहितो, कोणी 'मुंढे', आणि जोडीत फोन एकच असतो. हंगामापुरता टोळीतला क्रमांक हीच ओळख सोयीची.

मुकादमाचं कमिशन, वाहतूक, कारखान्याची बिलं यांत पहिल्या वेळी पडू नका.

फ्रेमवर्क कोणतं घ्यावं?

निर्णयापुरतं एवढं समजलं तरी पुरे. ब्राउझरकडून मागणी येते, ती कोणत्या कोडकडे जायची हे ठरतं, तो कोड डेटाबेसला विचारतो आणि तयार झालेलं पान परत पाठवतो. लॉगिन, फॉर्मची तपासणी, डेटाबेसशी बोलणं ही प्रत्येक साइटला लागणारी कामं फ्रेमवर्क तयार देतं.

पान सर्व्हरवरच तयार करण्याचा आपल्याकडे मोठा फायदा आहे. तुमचा वापरणारा कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडावर, कोपीत, जुन्या फोनवर आणि अर्ध्या रेंजमध्ये असेल. त्याला साधं, हलकं पान लगेच उघडतं. म्हणून पहिल्या ॲप्लिकेशनला रिॲक्ट जोडायच्या भानगडीत पडू नका.

- जँगो (पायथन): लॉगिन, नोंदी भरायची ॲडमिन पानं, फॉर्म, डेटाबेस सगळं एकत्र मिळतं. या कामाला माझं मत याच्या बाजूने.
- लॅराव्हेल (पीएचपी): पीएचपी येत असेल तर उत्तम. स्वस्त होस्टिंग सहज मिळतं.
- फ्लास्क (पायथन): लहान आणि समजायला सोपं, पण लॉगिन आणि डेटाबेसचे भाग स्वतः जोडावे लागतात. पहिल्या वेळी नेमकं तिथेच अडायला होतं.
- स्प्रिंग बूट (जावा): नोकरीच्या बाजारात वजन आहे. जावा पक्की असेल तरच पहिल्यासाठी घ्या.

जँगो जन्मला अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. २००३ च्या सुमारास ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथे काम करत होते आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. बातमीदारांना कोड न शिकता माहिती भरता यावी, तीही छपाईच्या घाईत, ही तिथली गरज होती. म्हणून त्यात ॲडमिनची तयार पानं आली. मुकादमाच्या वहीतल्या नोंदी भरायला हीच पानं कामी येतात.

कोणतंही घ्या, पण एकदा घेतल्यावर हंगाम संपेपर्यंत बदलू नका. दर पंधरा दिवसांनी फ्रेमवर्क बदलणाऱ्याचं एकही ॲप्लिकेशन पूर्ण होत नाही.

पायऱ्या (जँगो धरून)

घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह पुरे. जँगोची अधिकृत कागदपत्रं त्यांच्या साइटवरून एकदाच उतरवून घेता येतात, मग नेट नसलं तरी वाचता येतात. त्यातलं मतदानाच्या छोट्या ॲपचं ट्युटोरियल आधी पूर्ण करा. व्हिडिओ न बघता, स्वतः टाइप करत करा.

१. पायथन बसवा. विंडोजवर बसवताना 'पाथ'चा चौकोन टिक करायला विसरू नका, नाहीतर पुढे "कमांड सापडत नाही" असा निरोप येत राहील.

२. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यातच जँगो बसवा. दुसऱ्या प्रोजेक्टच्या आवृत्तीशी गोंधळ होत नाही.

३. 'स्टार्टप्रोजेक्ट', मग 'स्टार्टॲप'. सेटिंग्जच्या फाइलमध्ये तुमच्या ॲपचं नाव यादीत घाला, टाइमझोन आशिया-कोलकाता करा, भाषा मराठी करा. ॲडमिनमधले काही शब्द तरी इंग्रजीतच राहतील, त्याची काळजी नको. तुमच्या रकान्यांना मराठी नावं तुम्हीच द्यायची आहेत.

४. वरची पाच टेबलं मॉडेल म्हणून लिहा. 'मेकमायग्रेशन्स' आणि 'मायग्रेट' या दोन कमांड चालवल्या की डेटाबेस तयार होतो. एसक्यूलाइट आपोआप मिळतो, एका टोळीच्या हिशोबाला तो पुरून उरतो.

५. 'क्रिएटसुपरयूजर'ने स्वतःचं लॉगिन करा, पाचही मॉडेल ॲडमिनला जोडा आणि 'रनसर्व्हर' चालवा. आता एक खरी टोळी आणि तिच्या दहा-बारा खेपा भरून बघा. रकाना कुठे कमी पडतो ते इथेच कळेल, पुढची पानं लिहिण्याआधी.

६. त्यानंतर एकच पान स्वतः लिहा: एका कोयत्याचा हिशोब. वर तीन मोठे आकडे, म्हणजे एकूण कमाई, एकूण घेतलेले पैसे आणि बाकी. खाली तारखेनुसार नोंदी. छापून हातात देता येईल एवढं साधं ठेवा, कारण प्रत्येकाला लॉगिन जमेलच असं नाही.

७. कागदावरचं १८.४५ टनांचं गणित आता टेस्ट म्हणून लिहा. जँगोत टेस्टची सोय तयार आहे. पुढे काहीही बदललं तरी ती चालवायची आणि ७५०.३० आलं पाहिजे. एआयकडून कोड लिहून घेत असाल तर ही पायरी दुप्पट महत्त्वाची. त्याचा कोड चालतो बहुतेक वेळा, पण खाड्याची कपात दोनदा वजा झाली आहे का, हे तुमच्या गणिताशिवाय कोणी सांगणार नाही.

रोजचं काम गिटमध्ये ठेवा. वीज गेली तरी कालचं काम राहतं.

पैशाच्या हिशोबात चुका कुठे होतात

*दशांश.* पायथनला ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज करायला सांगा, उत्तर ०.३० आणि पुढे शून्यांची रांग लागून शेवटी ४ असं येतं. कॉम्प्युटर फ्लोट आकडे बायनरीत ठेवतो, त्याचा हा परिणाम. रुपये आणि टन दोन्हींसाठी फ्लोट रकाना वापरू नका, डेसिमल रकाना वापरा.

*उरलेला पैसा.* तीच खेप ९ ऐवजी ७ कोयत्यांत वाटा. प्रत्येकी ९६४ रुपये ६७ पैसे होतात आणि सातांची बेरीज ६,७५२ रुपये ६९ पैसे. एक पैसा कुठे गेला? रक्कम क्षुल्लक आहे, पण टोळीची बेरीज आणि कोयत्यांची बेरीज जुळली नाही की पूर्ण हिशोबावरचा विश्वास उडतो. उरलेले पैसे कोणाच्या नावावर टाकायचे याचा नियम मुकादम आणि मजुरांना विचारून ठरवा आणि कोडमध्ये तसाच लिहा.

*दर.* तोडणीचे दर करारानुसार बदलतात. जानेवारी २०२४ मध्ये हंगाम चालू असतानाच ३४ टक्के वाढ ठरली होती. तुम्ही दर कोडमध्ये लिहिला असेल, किंवा फक्त हंगामाच्या टेबलातून घेत असाल, तर दर बदलताच जुन्या खेपांची मजुरीही बदलेल. म्हणून प्रत्येक खेपेत त्या वेळचा दर उतरवून ठेवा. वाढ मागच्या तारखेपासून मिळाली तर फरकाची वेगळी नोंद करा.

*एकच पावती दोनदा.* रेंज कमी असली की पान अडकतं आणि माणूस 'जतन करा' पुन्हा दाबतो. खेप दोनदा नोंदवली जाते. हंगाम आणि पावती क्रमांक मिळून एकदाच येतील असं बंधन डेटाबेसमध्येच घाला, आणि नोंद झाली की दुसऱ्या पानावर पाठवा.

*मराठी अंक.* कोणी १८.४५ असं देवनागरीत टाइप केलं तर? पायथनचा डेसिमल देवनागरी अंक बरोबर वाचतो. अडतो तो ब्राउझर, कारण जँगो आकड्यासाठी 'नंबर' प्रकारचा चौकोन देतो आणि तो हे अंक घेत नाही. तो चौकोन 'टेक्स्ट' करा आणि फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना जोडा.

*खोडाखोड.* नोंद पुसायची सोय ठेवूच नका. चूक झाली तर उलटी नोंद करा आणि कारण लिहा. कोयता किंवा मजूर काढून टाकला की त्याच्या सगळ्या नोंदी जातील, असं 'कॅस्केड' लावू नका, 'प्रोटेक्ट' लावा. खाड्याच्या कपातीलाही तारीख आणि कारण सक्तीचं करा. ऐन एप्रिलमध्ये "तेव्हा कापले होते" एवढ्यावर भागवता येणार नाही.

कोणाला काय दिसणार

हा भाग मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. फक्त मुकादमाला दिसणारं ॲप्लिकेशन केलंत तर जुनी वही कॉम्प्युटरवर आली, एवढंच. ज्याचा हिशोब त्याला तो कधीही बघता आला पाहिजे. जोडीतल्या दोघांनाही वेगवेगळं लॉगिन द्या.

पण त्याच वेळी दुसऱ्याचा हिशोब दिसता कामा नये. नवशिक्यांची ठरलेली चूक इथे होते. कोयत्याच्या पानाच्या पत्त्यात शेवटी ७ असतो, कोणीतरी तिथे ८ टाकतो आणि शेजारच्या जोडीची उचल उघडते. लॉगिन आहे म्हणून पान सुरक्षित झालं, असं समजू नका. व्ह्यूमध्ये कोयता शोधतानाच "हा क्रमांक आणि लॉगिन केलेला मजूर यातला" अशी दोन्ही अटींची चाळणी लावा. मग स्वतः दोन खाती करून पत्ता बदलून बघा.

एसएमएसने हिशोब पाठवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. व्यावसायिक एसएमएससाठी ट्रायच्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी करून मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी त्यापेक्षा महिन्याचं पान छापून द्या.

इंटरनेटवर ठेवताना

स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारं ॲप्लिकेशन अजून अर्धंच आहे. पायथनएनीव्हेअरसारख्या सेवेत मर्यादित मोफत खातं मिळतं, शिकण्यापुरतं ते चालतं. त्याआधी हे बघा:

- सेटिंग्जमधला 'डीबग' बंद केला का? चालू राहिला तर चूक होताच कोडचा आतला भाग जगाला दिसतो.
- 'सिक्रेट की' गिटहबवर गेली आहे का? गेली असेल तर नवी करा. फाइल पुसून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ती राहतेच.
- 'रनसर्व्हर' फक्त शिकण्यासाठी आहे, खऱ्या वापरात होस्टिंगवाल्यांनी सांगितलेला सर्व्हर वापरा.
- होस्टिंगवरची डिस्क कायमची आहे का? काही सेवांवर नवी आवृत्ती चढवली की एसक्यूलाइटची फाइल पुसली जाते आणि हंगामभराच्या खेपा जातात. तिथे वेगळा डेटाबेस घ्या.
- बॅकअप दर आठवड्याला उतरवा आणि महिन्यातून एकदा त्यावरून ॲप्लिकेशन उभं करून बघा.

पहिला हंगाम वही आणि ॲप्लिकेशन दोन्ही चालू द्या. महिनाअखेर दोन्ही जुळवा.

मजुरांचे हक्क, तुमची जबाबदारी

माणसांची माहिती साठवायला लागलात की तुम्ही विद्यार्थी असलात तरी जबाबदारी येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती, कारण स्पष्ट सांगणं, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क या गोष्टी आहेत, आणि सूचना मराठीत मागता येते. म्हणून काय साठवणार आणि कशाला, हे चार ओळींत मराठीत लिहा आणि वाचून दाखवा. आधार क्रमांक, जात, आजारपण, मुलांची माहिती मागूच नका. या हिशोबाला त्यातलं काहीच लागत नाही. कॉलेजात दाखवताना खरी नावं बदला.

हिशोबातल्या 'बाकी'च्या आकड्याबद्दल एक गोष्ट मजुरांना सांगायलाच हवी. उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणं, बळजबरीने कामावर नेणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. स्क्रीनवर बाकी दिसते म्हणून तसा अधिकार कोणाला मिळत नाही. अशा वेळी तहसीलदार, पोलीस किंवा बीडच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. वेठबिगारीत अडकलेल्यांना आणि महिलांना तिथे वकील मोफत मिळतो, विधी सेवेचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. हा क्रमांक हिशोबाच्या पानाच्या तळाशी छापा.

कोड कोणाचा?

एखाद्या मुकादमाला किंवा संस्थेला ॲप्लिकेशन आवडलं आणि त्यांनी पैसे देऊ केले, तर आधी कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. तुम्ही पगारी नोकर म्हणून लिहिलात तर सहसा मालकी मालकाची. स्वतंत्रपणे लिहिलात तर ती तुमची, आणि दुसऱ्याला द्यायची तर लेखी द्यावी लागते. लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते. जँगो मोफत आहे आणि त्यावर केलेलं काम विकायलाही त्याच्या परवान्याची आडकाठी नाही.

त्या कागदात तीन कलमं नक्की घाला: बिघाड झाला तर दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करणार, होस्टिंगचा खर्च कोणाचा, आणि हंगाम संपल्यावर प्रत्येक जोडीला आपल्या सगळ्या नोंदींची छापील प्रत कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची.